एका पानात कादंबरी

गेली दोन वर्षं मी एका वेगळ्याच साहित्यप्रकाराची वाचक झाले आहे. इंग्रजीत त्याला क्वेरी लेटर म्हणतात. कादंबरी लिहून झालेला, पण अजून कुठेच न छापलेला लेखक लिटररी एजंटला जे एकपानी पत्र पाठवतो, ते हे. ज्यांची पुस्तकं पुढे आली ते लेखक आपली पत्रं हौसेने जगजाहीर करतात, त्यामुळे वाचायला भरपूर मिळतात. मी अशी शे-दीडशे तरी वाचली असतील. स्वतः सात लिहिली.

या पत्रांवर मराठीत कुणी काही लिहिलेलं माझ्या वाचनात नाही, आणि त्याचं कारण उघड आहे. मराठी कादंबरीला एजंट नसतो. एजंट या शब्दाला आमच्या पनवेलमध्ये बरेच अर्थ आहेत: प्लॉटचा, एलआयसीचा, आरटीओचा. मी एजंट शोधतेय असं घरी सांगितलं तेव्हा काकांचा पहिला प्रश्न होता, "किती गुंठे?" पण कादंबरीचा एजंट म्हणजे काय, हे समजावताना मलाही अडखळायला झालं. दलाल म्हणावं तर शिवी वाटते, मध्यस्थ म्हणावं तर लग्न जमवणारा वाटतो.

तर आधी साचा बघू. पत्र साधारण तीनशे-साडेतीनशे शब्दांचं. सुरुवातीला कादंबरीचं नाव, प्रकार आणि शब्दसंख्या. (आपण कादंबरी पानांत मोजतो, छापखान्यात फॉर्ममध्ये, तिकडे शब्दांत.) मग दोन परिच्छेदांत गोष्ट, शेवट न फोडता. मग 'कॉम्प्स', म्हणजे गेल्या तीन-पाच वर्षांत आलेली, तुमच्या पुस्तकाच्या जवळची दोन पुस्तकं. शेवटी दोन ओळींत तुम्ही स्वतः. सोबत पहिली दहा पानं किंवा पहिली तीन प्रकरणं. एजंटला रस वाटला तर तो पूर्ण बाड मागवतो, प्रकाशक शोधतो, करार करून देतो, आणि लेखकाला मिळणाऱ्या पैशांतून साधारण १५ टक्के घेतो. परदेशी हक्कांवर २० टक्के. हा धंदा एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पंचवीस वर्षांत लंडनमध्ये ए. पी. वॉट नावाच्या गृहस्थांनी नावारूपाला आणला, तेव्हा दर १० टक्के होता. रस वाटला नाही तर बहुतेक वेळा उत्तर येत नाही. अमुक आठवड्यांत कळवलं नाही तर नकार समजावा, असं एजन्सीने आधीच लिहून ठेवलेलं असतं. आपल्याकडे निदान 'साभार परत' असं काहीतरी होतं. परतीची तिकिटं लावलेलं पाकीट तुमच्याच हस्ताक्षरात घरी यायचं आणि शेजाऱ्यांनाही कळायचं.

हा नुसता अर्जाचा नमुना असता तर त्यावर लेख लिहायची गरज नव्हती. पण या पत्राच्या पोटात कादंबरीची एक व्याख्या आहे. नायकाला काहीतरी हवं असतं. आड काहीतरी येतं. मिळालं नाही तर मोठं नुकसान होणार असतं. पत्र कसं लिहावं हे शिकवणारे सगळे हेच तीन प्रश्न विचारायला सांगतात. आता ही व्याख्या आपण आपल्याच कादंबऱ्यांना लावून बघू.

विश्राम बेडेकरांची 'रणांगण' घ्या. १९३९. युरोपातून हिंदुस्थानकडे निघालेलं जहाज. प्रेमात पोळलेला एक मराठी तरुण आणि जर्मनी सोडून निघालेली एक ज्यू मुलगी. तो मुंबईला उतरणार, ती पुढे जाणार. मधले मोजके दिवस त्यांचे. एवढं लिहून पाठवलं तर आजही जगातला कुठलाही एजंट संध्याकाळपर्यंत पूर्ण बाड मागवेल. जागा बंद, वेळ मोजलेला, मागे युद्ध. पत्राच्या दृष्टीने मराठीत याहून सोयीची कादंबरी शोधून सापडणार नाही. पण पत्रात ती एक मुदत घातलेली प्रेमकथा होते. प्रत्यक्षात वाचताना मला जास्त झोंबतो तो चक्रधर: मिळालेलं प्रेम हातात घेऊन ते तोलत बसणारा, स्वतःलाही नीट खरं न सांगणारा माणूस. हा थंडपणा दोन परिच्छेदांत आणायचा कसा? आणलात तर एजंट म्हणेल, नायक सहानुभूती मिळवत नाही.

मग 'कोसला'. खानदेशातल्या सांगवीचा पांडुरंग पुण्याला कॉलेजात येतो. होस्टेलवर राहतो, वडिलांचे पैसे उडवतो, परीक्षेत आपटतो, धाकटी बहीण जाते, तो गावी परततो. नायकाला काय हवंय? काही नाही. आड काय येतं? सगळंच, वगैरे. मी खरोखर बसून 'कोसला'चं क्वेरी लेटर लिहून पाहिलं. तीन वेळा. दर वेळी ते एका आळशी मुलाविरुद्धच्या तक्रारअर्जासारखं झालं. ही कादंबरी घटनांमधून चालत नाही, ती बोलण्यातून चालते. पांडुरंगचं बोलणं काढून घेतलं की उरतं ते गावातल्या कुणीही चहा पिता पिता सांगावं इतकं सामान्य.

उद्धव शेळक्यांची 'धग' (१९६०) आणखी वेगळी अडचण करते. कौतिकचं दारिद्र्य, तिची जिद्द, घर सावरायची धडपड हे सगळं साच्यात व्यवस्थित बसतं. तिला काय हवं ते स्पष्ट आहे, आड काय येतं तेही. पत्र उत्तम होईल. फक्त त्यात वऱ्हाडी नसेल. आणि वऱ्हाडी काढलेली 'धग' ही सरकारी योजनेच्या पुस्तिकेतली यशोगाथा उलटी लिहिल्यासारखी दिसते.

म्हणजे पत्रातून कथानक पार होतं, भाषा होत नाही. इथे एजंट लोकांच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी. सोबत पहिली दहा पानं असतातच. आणि 'कोसला'ची पहिली दहा पानं हेच तिचं सगळ्यात चांगलं पत्र आहे. ज्याने ती वाचली तो पुढचं मागवणारच. काही एजंट म्हणतात की आम्ही आधी पानं वाचतो, मग पत्र. तसं असेल तर माझा अर्धा आक्षेप गळून पडतो. पण रोज ढिगाने पत्रं येत असताना दहा पानांपर्यंत किती जण पोचत असतील, याचा अंदाज तुम्हीही करू शकता. तुम्ही स्वतः मोबाइलवर एखाद्या लेखाला किती सेकंद देता? (इथवर आलात, आभार.)

मग या तिन्ही कादंबऱ्या छापून आल्या कशा? पत्राने नाही, माणसांमुळे. 'रणांगण' छापली ह. वि. मोट्यांनी. त्याआधी १९३३ साली याच मोट्यांनी 'कळ्यांचे निःश्वास' काढलं होतं. लेखिका विभावरी शिरूरकर. पुस्तकाने गदारोळ झाला, या बाई कोण म्हणून शोध सुरू झाला, आणि प्रकाशकाने नाव फोडलं नाही. पुढे कळलं की त्या मालती बेडेकर, लग्नाआधीच्या बाळूताई खरे. लेखिकेच्या वतीने जगासमोर उभं राहणं, तिच्या अंगावर येणारं स्वतःच्या अंगावर घेणं, हे एजंटचंच काम आहे. मोट्यांनी ते प्रकाशक म्हणून केलं.

'कोसला' १९६३ साली पुण्याच्या देशमुख आणि कंपनीने काढली, तेव्हा नेमाडे पंचविशीत होते. याच कंपनीने चारच वर्षांपूर्वी वि. स. खांडेकरांची 'ययाति' काढली होती. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. 'ययाति'च्या शेजारी 'कोसला' ठेवायला कुठला कॉम्प लागला असता? रा. ज. देशमुखांच्या यादीत 'कोसला'सारखं काहीच नव्हतं, आणि तरी त्यांनी ती घेतली. आजच्या पत्राचा नियम नेमका उलटा आहे: तुझ्यासारखं आधी काय विकलं गेलंय ते सांग, मग बघू.

आता इथेच थांबलं तर हा लेख जुन्या दिवसांची आरती होईल, आणि ती आरती मला करायची नाही. मौजेच्या खटाववाडीत श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन बाडावर जे काम करायचे त्याबद्दल आदराने खूप लिहिलं गेलंय आणि ते खरंच आहे. पण दारामागे माणूस असला की माणसाची आवडही असते, आणि ती आवड कुठल्या तरी घरात, कुठल्या तरी भाषेत वाढलेली असते. 'सत्यकथा' संपादकाच्या आवडीवर चालत होती, आणि ज्यांचं लिखाण त्या आवडीत बसत नव्हतं त्यांनी १९६९ साली तिची जाहीर होळी केली. अशोक शहाणे वगैरे मंडळी त्याआधीपासून लघुनियतकालिकं काढत होतीच. दया पवारांचं 'बलुतं' १९७८ साली आलं ते ग्रंथालीतून, म्हणजे वाचकांच्या चळवळीतून निघालेल्या संस्थेकडून. मोठ्या दाराशी थांबलेल्यांनी शेजारी दुसरी दारं पाडली. त्या तुलनेत ईमेलने जाणारं पत्र समतावादी म्हणायला हवं. एजंटला तुम्ही कुठून आलात, कुणाच्या ओळखीने आलात, हे माहीत नसतं. फक्त त्याला इंग्रजी लागतं. आणि ते इंग्रजीही विशिष्ट वळणाचं.

माझी तक्रार वेगळी आहे. जुनी दारं बंद झाली, नवं पत्र मराठीत आलं नाही, आणि मधल्या जागेत जे उगवलंय ते दोन्हींहून वाईट आहे. माझ्या मराठी बाडाबद्दल एका प्रकाशकाशी फोनवर बोलणं झालं. त्यांचा पहिला प्रश्न होता, "किती फॉर्म होतील?" सोळा पानांचा एक फॉर्म, म्हणजे माझी कादंबरी वीस फॉर्मची. दुसरा प्रश्न: "डीटीपी झालंय का, युनिकोड आहे की श्रीलिपी?" तिसरं वाक्य रकमेचं होतं. त्यात मुखपृष्ठ, आयएसबीएन, प्रकाशन समारंभाचा फोटो आणि शंभर प्रती माझ्या घरी. कादंबरी कशाबद्दल आहे, हे त्यांनी विचारलं नाही. मीच सांगायला लागले तेव्हा म्हणाले, "ते वाचकांना ठरवू दे ना."

हे एकट्या माझ्या बाबतीत घडलेलं नाही, तुमच्यापैकी ज्यांनी कवितासंग्रह काढलाय त्यांना सगळं पाठ असेल. यातला अर्थव्यवहार नीट बघा. एजंटने माझं पुस्तक घेतलं आणि विकलं गेलं नाही, तर त्याचे महिने वाया जातात. म्हणून तो नाही म्हणतो, आणि म्हणूनच त्याच्या हो म्हणण्याला किंमत असते. वाचण्याचे पैसे चांगला एजंट घेत नाही, कारण मग त्याला विकायची गरजच उरत नाही. पॅकेजवाल्या प्रकाशकाचा नफा पुस्तक छापायच्या आधीच खिशात आलेला असतो. त्याने ते वाचण्याचं काही कारण नाही. विकण्याचंही नाही. नाकारलं गेलेलं बाड निदान कुणीतरी दोन पानं वाचलेलं असतं. हे बाड छापलं जातं, फोटो निघतो, आणि ते कुणीच वाचलेलं नसतं. मला या दोन्हींतून निवडायला सांगितलं तर मी उत्तर न देणारा एजंट निवडेन.

पत्रांचा जो महिमा सांगितला जातो त्यातही थोडं खोटं आहे. भारतीय कादंबरीच्या बाबतीत सगळ्यात गाजलेली एजंटकथा अरुंधती रॉयची. 'द गॉड ऑफ स्मॉल थिंग्ज'चं बाड पंकज मिश्रांनी वाचलं. ते तेव्हा हार्परकॉलिन्सच्या भारतातल्या कचेरीत होते. त्यांनी ते लंडनला पाठवलं, आणि डेव्हिड गॉडविन नावाचा एजंट वाचून विमानात बसून दिल्लीला आला. पुस्तक १९९७ साली आलं आणि त्याच वर्षी बुकर मिळालं. या गोष्टीत विमान सगळ्यांच्या लक्षात राहतं. मला त्यातला पहिला टप्पा महत्त्वाचा वाटतो. एका वाचणाऱ्या माणसाने दुसऱ्या वाचणाऱ्याला सांगितलं, हे वाच. साडेतीनशे शब्दांचा, कॉम्प्सवाला साचा तिथे कामी आला नव्हता.

मराठीत हा 'हे वाच' म्हणणारा माणूस आज बहुतेकदा अनुवादक असतो. सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' २००६ साली मौजेने काढली. जेरी पिंटोंचा इंग्रजी अनुवाद २०१३ साली पेंग्विनकडून आला, आणि २०२२ साली नेटफ्लिक्सवर चित्रपट. 'बलुतं' इंग्रजीत नेलं तेही पिंटोंनीच, २०१५ साली, म्हणजे मूळ पुस्तकानंतर ३७ वर्षांनी. हिंदीत गीतांजली श्रींच्या 'रेत समाधी'चं डेझी रॉकवेलने केलेलं इंग्रजी रूप २०२२ साली आंतरराष्ट्रीय बुकरपर्यंत गेलं. अनुवादक पुस्तक वाचतो, वर्ष-वर्ष त्यात राहतो, आणि मग ते घेऊन दारोदार फिरतो. त्याला १५ टक्क्यांवाला एजंट म्हणत नाहीत, पण काम तेच. फक्त असे अनुवादक हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे आहेत, आणि ते सगळे आधी छापलेलं पुस्तक हातात घेतात. बाड घेऊन त्यांच्याकडे जायची सोय नाही, आणि ती मागणंही अन्याय होईल.

आता माझ्या पत्राबद्दल थोडं, कारण त्यातूनच मला हा साचा आतून कळला. माझी कादंबरी पनवेल आणि उरणच्या मधल्या एका गावातली आहे. सिडकोने नवी मुंबईसाठी जी ९५ गावांची जमीन घ्यायची ठरवली, त्यातलं एक. त्यात 'साडेबारा टक्के' हा शब्द पहिल्याच पानावर येतो. इथल्या कुठल्याही घरात तो समजावून सांगावा लागत नाही. जमीन गेली, त्याच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत. १९८४च्या जानेवारीत जासई परिसरातल्या आंदोलनात गोळीबार होऊन पाच जण गेले, दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या त्या लढ्यातून ही योजना आली. आमच्याकडे साडेबारा टक्के म्हणजे लग्नातली बोलणी, भावाभावांतले खटले, गाडी, बंगला, आणि कुणाकुणाच्या घरात फोटोला घातलेला हार. एका शब्दात सगळं बसलेलं.

पत्रात मात्र या शब्दाला एक अख्खं वाक्य द्यावं लागतं. कंपनी काय, जमीन कशी घेतली, कायदा काय. तीनशे शब्दांतले चाळीस तिथेच जातात. आणि समजावून सांगितलेला शब्द मेलेला असतो. माझ्या आजीच्या तोंडी तो जसा येतो, 'ळ'चा 'ल' करणाऱ्या आगरी बोलीतल्या एका लांब शिवीच्या शेवटी, तसा तो पत्रात येऊच शकत नाही. तिथे तो माहितीपत्रकातला होतो. मग मला कळलं की साचा नुसतं कथानक मागत नाही, तो कादंबरीचा वाचक कोण हेही ठरवतो. ज्याला साडेबारा टक्के माहीत नाही, तो वाचक. ज्याच्यासाठी मी लिहिलं तो नाही.

कॉम्प्सची तर गंमतच. गेल्या पाच वर्षांतली, आगरी घरातली, जमीन विकल्यानंतरच्या पैशांवरची इंग्रजीत उपलब्ध असलेली दोन पुस्तकं द्या. मी बराच शोध घेतला. शेवटी एक दक्षिणेतली कादंबरी आणि एक तुर्की कादंबरी लिहिली, दोन्हींत एक म्हातारी आहे एवढ्या आधारावर. आमच्या खोपोलीच्या र. वा. दिघ्यांनी 'पाणकळा'त याच डोंगरापलीकडची माणसं कधीच लिहून ठेवली आहेत, पण ते नाव कुठल्याही एजंटला उपयोगाचं नाही. साच्याच्या हिशेबात माझी कादंबरी निराधार आहे. मराठीच्या हिशेबात तिला पूर्वज आहेत. हा फरक कुठल्याही पत्रात मांडता येत नाही, लेखात मांडता येतो, म्हणून हा लेख.

पाठवलेल्या सात पत्रांपैकी दोनांना उत्तरं आली. एक छापील नकार. दुसऱ्यात बाईंनी पहिली पन्नास पानं मागवली, पण इंग्रजीत. ती पानं मीच करत आहे. गोष्ट सोडून बाकी सगळं बदलतंय, आणि मला ते वाईट वाटत नाही. आजीची शिवी मी तशीच ठेवली आहे, समजावून न सांगता.

तुमच्यापैकी जे मराठीत कादंबरी लिहून बसलेत त्यांना एजंट मिळेल असं मी म्हणणार नाही. पण एजंट जे सगळ्यात महत्त्वाचं काम करतो ते पत्रापाशी संपत नाही, करारापाशी सुरू होतं, आणि ते काम तुम्हाला स्वतः करता येतं. मराठीत बऱ्याचदा करार होतच नाही, झाला तर एका पानाचा. त्या पानावर 'सर्व हक्क प्रकाशकाधीन' असं कुठे लिहिलंय का, ते बघा. अनुवादाचे, ऑडिओचे, चित्रपट-मालिकेचे हक्क वेगळे मोडतात आणि ते छापील आवृत्तीबरोबर देऊन टाकायचं काही कारण नाही. आवृत्ती संपल्यावर ठरावीक मुदतीत नवी काढली नाही तर हक्क तुमच्याकडे परत यावेत, ही ओळ हाताने लिहून घाला. किती प्रती छापल्या ते आकड्यात आणि अक्षरात मागा. माझ्याकडे आलेल्या त्या पॅकेजच्या मसुद्यात लेखकाने किती पैसे कधी द्यायचे, याच्या पाच ओळी होत्या. लेखकाला काय मिळणार, याची एक होती, आणि ती शंभर प्रतींबद्दल होती, पनवेल एसटी स्टँडपर्यंत पोच.